मागची ॲप्स उडवल्याने बॅटरी वाचत नाही

फोन जरा अडकला की सोलापुरात सल्ला ठरलेला. नवी पेठेतला मोबाइलवाला असो, एसटी स्टँडवर शेजारी बसलेला प्रवासी असो, नाहीतर घरातलाच भाचा असो, प्रत्येक जण सांगतो, "मागचं सगळं उडवून टाका की ओ, बॅटरी खातंय ते." मग अलीकडच्या ॲप्सची यादी उघडते, अंगठा चालू लागतो आणि एकेक ॲप वर भिरकावलं जातं. काहींना तर दर अर्ध्या तासाने हे केल्याशिवाय चैन पडत नाही. या सल्ल्यामागची समजूत अशी की मोबाइल हे छोटं यंत्र आहे, त्याला एका वेळी एकच ॲप पुरे, अनेक ॲप्स हाताळणं हे कॉम्प्युटरचं काम. ही समजूत साफ चुकीची आहे आणि तिच्यापायी लोकांची महत्त्वाची कामं अडतात.

गैरसमज : यादीत दिसणारं प्रत्येक ॲप चालू असतं आणि बॅटरी खातं.

वस्तुस्थिती : ती यादी चालू ॲप्सची नसते, तुम्ही अलीकडे वापरलेल्या ॲप्सची असते. खात्री करायची असेल तर फोन बंद करून पुन्हा सुरू करा. बहुतेक फोनवर यादी जशीच्या तशी दिसेल, पण त्यातलं जवळपास काहीच चालू नसेल.

तुम्ही दुसऱ्या ॲपकडे वळलात की पहिलं थोड्याच वेळात गोठवलं जातं. त्याची स्थिती रॅममध्ये राहते, पण प्रोसेसर त्याच्यासाठी राबत नाही. सोलापूरकरांना हे यंत्रमागावरून चटकन कळेल. कामगार चहाला गेला की माग थांबतो, वीज खात नाही, पण बीम चढलेलीच राहते. परत येऊन बटण दाबलं की विणकाम तिथून पुढे सुरू. चहाच्या प्रत्येक सुट्टीला बीम उतरवून ठेवणाऱ्याला कोणी शहाणा म्हणेल का? ॲप उडवणं म्हणजे नेमकं तेच. पुढच्या वेळी ते पहिल्यापासून उभं करावं लागतं आणि त्यात वेळही जातो, बॅटरीही.

कंपनीवाले काय म्हणतात, असं विचारणाऱ्यांसाठी : मार्च 2016 मध्ये एका ग्राहकाने ॲपलला ई-मेलवर विचारलं, तुम्ही स्वतः ॲप्स अशी बंद करता का आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडेरिघी यांनी दोन्ही प्रश्नांना 'नाही' असं उत्तर दिलं. अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही त्याच सुमारास सांगितलं की यामुळे झालंच तर किंचित नुकसानच होईल. रॅम कमी पडली की जुनी ॲप्स काढून टाकायचं काम अँड्रॉइड स्वतःच करतं. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून तर नुसत्या पडून असलेल्या फोनमधल्या ॲप्सना झोपवणारी 'डोझ' ही सोयही आहे. इतक्या वर्षांनंतरही अंगठे थांबत नाहीत, याचा खरोखर वैताग येतो.

गैरसमज : मोबाइलवर एका वेळी एकच ॲप पुरे.

वस्तुस्थिती : पहिल्या आयफोनला 2007 मध्ये बाहेरची ॲप्सच नव्हती. 2008 मध्ये ती आली, पण त्यांना मागे राहण्याची मुभा जून 2010 च्या आयओएस 4 मध्ये मिळाली. त्याच वर्षी ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी बजावलं होतं की चालू कामांची यादी पाहून ती बंद करायची वेळ वापरणाऱ्यावर आली, तर ती बनवणाऱ्याची चूक.

आज आपली सरकारी कामंच या ये-जा करण्यावर उभी आहेत. लाडकी बहीण योजनेची 2025 ची ई-केवायसी घ्या. आधी बाईंच्या आधारचा ओटीपी, मग पती किंवा वडिलांच्या आधारचा. म्हणजे ब्राउझरमधून मेसेजमध्ये जायचं, आकडे बघायचे, परत फॉर्मवर यायचं. सवयीने अंगठ्याने मधेच ब्राउझर उडवला की फॉर्म कोरा, ओटीपी वाया, सगळं पहिल्यापासून. बसच्या तिकिटाचे पैसे यूपीआयने भरतानाही हीच गत. वर दोष मात्र 'साइट चालत नाही' म्हणून साइटला दिला जातो.

आणखी काही, थोडक्यात

'रॅम रिकामी तर फोन वेगवान.' उलट आहे. रिकामी रॅम कामाला येत नाही, भरलेली येते.

'क्लीनर ॲप टाका.' ते ॲप स्वतःच मागे चालत राहतं.

'वाढीव रॅम घेतली की झालं.' ती साठवणुकीतली जागा असते, खऱ्या रॅमपेक्षा बरीच संथ.

'फोन तापतो तो मागच्या ॲप्समुळे.' सोलापूरचा मे महिना आठवा. ॲपल आपल्या फोनसाठी 35 अंशांपर्यंतचंच हवामान योग्य मानतं, आणि इथे पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात फोन चार्जिंगला लावू नका.

'एकाच वेळी अनेक कामं फोनला जमतात, म्हणजे आपल्यालाही जमतात.' नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं की एकाच वेळी अनेक माध्यमं हाताळणारी माणसं लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवण्यातही कमीच पडतात. गाडी चालवताना तर फोन हातातच नको.

मग बंद करायचं कधी? ॲप अडकून बसलं तर तेवढं एकच. नकाशाचा मार्ग किंवा व्हिडिओ कॉल संपला असेल तर तो आठवणीने थांबवा, कारण ही कामं मागेही खरोखर चालू असतात. बॅटरी कोण खातंय ते सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर नावानिशी दिसतं, संशय तिथे जाऊन फेडावा. फोन कमी रॅमचा असेल तर तो मागचा ब्राउझर स्वतःच काढून टाकू शकतो, म्हणून ओटीपीसाठी मेसेज उघडू नका, वरून येणाऱ्या सूचनेतच तो वाचा. दुकानदारांनीही नवा फोन विकताना गिऱ्हाईकाला 'सगळं उडवा' शिकवण्याऐवजी हे शिकवावं. एखाद्या बाईचा अर्ज त्या दोन मिनिटांच्या शिकवणीने वेळेत भरला जाईल.