दिवाळीच्या दिवशी मिडटर्म आली तर?

भाग ऐकायला वेळ मिळाला नसेल, किंवा इअरफोन घरीच राहिले असतील, तर हे घ्या त्याचं लिखित रूप. आजचा भाग खास अमेरिकेत एमएसला गेलेल्यांसाठी आणि बॅग भरत असलेल्यांसाठी. प्रश्न साधा आहे: सण आणि परीक्षा एकाच दिवशी आले, तर कॉलेजकडे काय मागता येतं?

आधी कॅलेंडर समजून घेऊ

ख्रिसमससाठी अमेरिकेत कुठल्या विद्यार्थ्याला अर्ज करावा लागत नाही, कारण तो सेमिस्टर संपल्यावरच्या सुट्टीत येतो. म्हणजे धार्मिक सोय तिथेही आहेच. फक्त आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत ती 'हार्डकोड' केलेली आहे, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

बाकीच्यांच्या तारखा हलत्या. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. ईद दरवर्षी साधारण १०-११ दिवसांनी अलीकडे सरकते. ज्यूंचा योम किप्पुर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ऐन सेमिस्टरमध्ये. त्यामुळे यांना दरवेळी विचारावं लागतं. मग विचारायची नीट सोय तरी हवी ना?

कायदा काय म्हणतो?

याबाबत प्रत्येक राज्याचा हिशोब वेगळा आहे. आपली मुलं जिथे बऱ्यापैकी जातात, अशी तीन राज्यं बघू.

न्यूयॉर्कच्या शिक्षण कायद्यात २२४-अ हे कलम आहे. धार्मिक कारणाने वर्ग किंवा परीक्षा चुकली, तर ती भरून काढायची तितकीच संधी कॉलेजने द्यायची, आणि त्यासाठी जादा फी घ्यायची नाही.

टेक्सासमध्ये धार्मिक दिवसाची गैरहजेरी माफ होते, त्यासाठी केलेला प्रवासही त्यात धरतात. पण 'धार्मिक दिवस' कुठला? ज्या धर्माच्या प्रार्थनास्थळांना मालमत्ता करातून सूट आहे, त्या धर्माचा. व्याख्या थेट कर कायद्यातून उचललेली!

वॉशिंग्टन राज्याने (सिएटलवालं, राजधानी नव्हे) २०१९ मध्ये कायदा केला. तिथे परीक्षेची तारीखही बदलून मिळू शकते. अट एकच: कोर्स सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत लेखी कळवायचं.

इथेच बरेच जण फसतात. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शरद सत्र सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं. दिवाळी आठवेपर्यंत, म्हणजे व्हॉट्सअॅपवर फराळाचे फोटो यायला लागेपर्यंत, ती मुदत संपलेली असते.

आणखी एक. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा २०२३ मध्ये झाला. तो शाळांपुरता आहे. ती बातमी वाचून कॉलेजला दांडी मारू नका.

एवढं काय बिघडतं?

बिघडतं. परीक्षा चुकली, कोर्स गेला, तर तो पुन्हा घ्यायला डॉलरमध्ये फी भरावी लागते. शिवाय एफ-१ व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासक्रम टिकवावा लागतो. मधेच कोर्स सोडला आणि क्रेडिट कमी पडले, तर प्रकरण व्हिसापर्यंत जातं. त्यामुळे अनेक जण काहीच न विचारता गप्प परीक्षा देऊन येतात. हक्क असूनही!

मग करायचं काय?

१. सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात सिलॅबसमधल्या तारखा आणि आपले सण शेजारी-शेजारी मांडा. नुसती दिवाळीच नाही. ईद, पर्युषण, १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, जे तुमचं असेल ते.

२. तारीख तिथल्या शहराच्या पंचांगाने बघा. सणाचा दिवस तिथल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी असलेल्या तिथीवर ठरतो, त्यामुळे भारतातल्या कॅलेंडरपेक्षा एक दिवस इकडे-तिकडे होऊ शकतो. २०२४ मध्ये तर भारतातच कुणी ३१ ऑक्टोबर धरला, कुणी १ नोव्हेंबर. ईद चंद्रदर्शनावर असते, म्हणून अर्जात दोन्ही शक्य तारखा लिहा.

३. तोंडी सांगून थांबू नका. कॉलेजचा फॉर्म असेल तर तो भरा, नसेल तर ईमेल करा. कुठला दिवस, कुठली परीक्षा किंवा लॅब, आणि त्याऐवजी कधी देऊ शकता, एवढ्या तीन गोष्टी पुरे. सणाचं माहात्म्य दोन पानं लिहू नका.

४. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर टीममधल्यांनाही आधीच सांगा. त्यांची सुट्टी आपल्यामुळे बुडू नये.

प्रोफेसरची बाजू

दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात तिघांसाठी वेगळा पेपर काढायचा, तोही फुटू न देता, हे सोपं काम नाही. लॅब असेल तर मशीन आणि माणूस दोन्ही पुन्हा अडकतात. म्हणून मुदत असते. पाच आठवडे आधी कळलं तर ते नियोजन होतं, आदल्या रात्री कळलं तर डोकेदुखी. आणि मिळते ती फक्त तारीख. पेपर तेवढाच अवघड, अभ्यास तेवढाच.

तेव्हा विचारताना अपराधी वाटून घेऊ नका. काही जणांची सुट्टी कॅलेंडरमध्ये छापून येते, काहींना ती मागून घ्यावी लागते, एवढाच फरक. फक्त वेळेत मागा.

तुमच्या कॉलेजचा नियम काय आहे ते शोधा, आणि यंदा जाणाऱ्या मित्राला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!