एका घरातील दोन चुली

ज्यांना आपण हजरत ईसा म्हणतो, त्यांना मराठी ख्रिस्ती लोक प्रभू येशू म्हणतात. रविवारी ते चर्चमध्ये उपासनेसाठी, म्हणजे इबादतीसाठी, जमतात. तेथे पेटी-तबल्यावर मराठी भजने ऐकलीत तर तुम्हांला नवल वाटेल. त्यांतील शंभराहून अधिक भजने रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी लिहिली. (हे लोकमान्य टिळक नव्हेत!) त्यांना संत तुकारामांचे अभंग फार प्रिय होते. तीच ओळखीची चाल त्यांनी प्रार्थनेला दिली.

पण त्यांच्या स्वतःच्या घरात ही श्रद्धा सहज आली नाही. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाईंना मोठा धक्का बसला. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात त्यांचा संसार पुन्हा सुरू झाला. तरीही लक्ष्मीबाई सोवळे पाळून आपला स्वयंपाक वेगळा करीत. टिळकांनी धर्म बदलण्याची सक्ती केली नाही. मला त्यांच्या भजनांपेक्षाही हा धीर मोठा वाटतो. जातिभेद देवाने नव्हे, माणसांनी केला, हे लक्ष्मीबाईंना विचारांती पटले. मग वेगळी चूल विझली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतला.

नवऱ्याकडून लिहायला शिकलेल्या या बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिले. त्यात त्या नवऱ्याच्या लहरीपणाला हसतात आणि स्वतःच्या सोवळ्यालाही.