चांदोलीचे रान: कुटुंबासह पाहण्याचे जंगल

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर चांदोली राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. १९८५ साली अभयारण्य म्हणून राखलेल्या या रानाला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेला साताऱ्याच्या हद्दीत कोयना अभयारण्य आहे. ही दोन्ही जंगले मिळून २०१० च्या जानेवारीत सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. मेळघाट, ताडोबा आणि पेंचनंतरचा हा राज्यातला चौथा व्याघ्र प्रकल्प. २०१२ साली पश्चिम घाटातील स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कोयना, चांदोली, कास आणि राधानगरी ही महाराष्ट्रातली चार ठिकाणे आहेत.

या रानाची आजची घडण दोन धरणांशी जोडलेली आहे. वारणेवरच्या मातीच्या धरणाचा वसंतसागर चांदोलीच्या पायथ्याशी आहे, तर कोयनेचा शिवसागर उत्तरेकडे लांबवर पसरला आहे. धरणे झाली, पुढे जंगल राखीव झाले आणि गोठणे, झोळंबी, रुंदिव अशी अनेक गावे आपली शेतीवाडी सोडून खाली उतरली. त्यांच्या पुनर्वसनाचे लढे वर्षानुवर्षे चालले. जंगलात फिरणाऱ्याने ही गोष्ट ठाऊक ठेवूनच फिरावे, कारण तिच्या खुणा जागोजागी भेटतात: घरांची जोती, मोडकी तुळशीवृंदावने, बांध आणि भर रानात उभी असलेली लावणीची आंबा-फणसाची झाडे. जुन्या भातखाचरांवर आता गवत माजले आहे आणि त्या गवतावर गवे चरतात. गवा दाट झाडीतला प्राणी असला तरी सकाळ-संध्याकाळी तो अशा मोकळ्या कुरणांत उतरतो, आणि म्हणून पाहुण्याला गवा दिसायचा तर बहुधा कुणाच्या तरी जुन्या शेतातच दिसतो.

पुण्याकडून येणाऱ्यांनी महामार्गावर पेठ नाक्याला वळून शिराळा, कोकरूड, आरळा असे करीत मणदूर गाठावे. कऱ्हाडहून उंडाळे-शेडगेवाडीमार्गेही येता येते. धरणाजवळची वारणावती वसाहत आणि मणदूर हा उद्यानात शिरण्याचा नेहमीचा परिसर. वनखात्याची परवानगी आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक लागतो. पावसाळ्यात उद्यान बंद असते. या भागाचा पाऊस घाटावरच्या माणसालाही थक्क करणारा आहे. वारणेच्या उगमाकडचे पाथरपुंज हे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडते.

दिवाळीच्या सुट्टीत गेल्यास ओढे वाहते असतात आणि सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यांवर, उशिरापर्यंत टिकलेली फुले सापडतात. मात्र गवत पुरुषभर उंच असल्याने जनावर दहा हातांवर असूनही दिसत नाही, आणि ओलसर वाटांवर जळवाही असतात. जनावरे पाहण्याचाच हेतू असेल तर फेब्रुवारी ते मे हा काळ धरावा. तेव्हा पाणी आटते आणि प्राणी पाणवठ्यांभोवती गोळा होतात.

वाघाची आशा धरून मुलांना येथे आणू नये. मे २०१८ मध्ये वनखात्याच्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, त्यानंतरही अधूनमधून नर वाघांच्या नोंदी झाल्या आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाकडची एक वाघीण चांदोलीत आणली गेली. राधानगरीमार्गे गोवा आणि कर्नाटकच्या जंगलांशी हा पट्टा जोडलेला असल्याने तरुण नर इकडे येतात, पण माद्या तेवढ्या लांब भटकत नाहीत. म्हणूनच वाघीण आणणे मोलाचे होते. तरीही सदाहरित झाडीत आणि चढउतारांत वाघ दृष्टीस पडणे हे फार मोठे भाग्य.

पाहण्यासारखे इतर इतके आहे की दिवस पुरत नाही. मातीत मांजरवर्गीय ठसा ओळखणे मुलांना लवकर जमते: बिबट्याची नखे चालताना आत ओढलेली असतात, त्यामुळे ठशात नखांच्या खुणा नसतात, रानकुत्र्याच्या ठशात त्या स्पष्ट उमटतात. अस्वलाच्या विष्ठेत ऋतूप्रमाणे जांभूळ-करवंदाच्या बिया सापडतात. उंच झाडावर काटक्यांचा गोळा दिसला तर ते शेकरूचे घरटे असू शकते, आणि एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात. उंबराला फळे धरली की धनेश येतात. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचे तोंड विष्ठा व चिखलाने लिंपते आणि एवढीशी फट ठेवते. नर त्या फटीतून आठवडेच्या आठवडे फळे भरवतो. नराला काही झाले तर आतल्या सगळ्यांचा जीव धोक्यात येतो, म्हणून अशा झाडाखाली गर्दी, गोंगाट अजिबात करू नये. गव्याशी वागतानाही तेच: गाडीतून उतरू नये, वाट अडवू नये, वासरू सोबत असेल तर आणखी लांब राहावे.

लहान मुले आणि गुडघे दुखणारी वडीलधारी मंडळी सोबत असतील तर सांगली जिल्ह्यातलेच सागरेश्वर सोयीचे. देवराष्ट्रे या यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाजवळचे हे अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचे. उजाड डोंगरावर झाडे लावून आणि हरणे सोडून ते माणसांनी उभे केले, आणि त्यात वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचा वाटा मोठा आहे. चितळ, सांबर आणि काळवीट येथे सहज दिसतात. शिकारी प्राण्यांचा धाक कमी असल्याने हरणांची संख्या वाढली, ती आसपासच्या पिकांत शिरू लागली, आणि त्यातले काही चितळ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवण्यात आले. तिथे वाघाला भक्ष्य हवेच होते.

साताऱ्याकडून जाणाऱ्यांसाठी कोयनेतला वासोटा आहे. कासवरून बामणोलीला उतरावे, तिथे परवानगी घेऊन लाँचने शिवसागर ओलांडावा आणि मेट इंदवलीहून गड चढावा. वाट गर्द झाडीतून जाते आणि वनखाते प्लास्टिकच्या वस्तू मोजून घेते. गडावर मुक्कामाला परवानगी नाही. अंधार पडायच्या आत लाँचवर परतावे लागते, म्हणून सातारा पहाटेच सोडावा.