स्टॉकहोमचं पत्र : स्वेआवेगनच्या कोपऱ्यावरचा संशय

स्टॉकहोममध्ये स्वेआवेगन नावाचा रुंद, वर्दळीचा रस्ता आहे. टनेलगातान ही गल्ली त्याला जिथे मिळते, त्या कोपऱ्यावर फुटपाथमध्ये धातूची एक लहानशी पाटी बसवलेली आहे. 28 फेब्रुवारी 1986 च्या रात्री अकरा वाजून एकवीस मिनिटांनी स्वीडनचे पंतप्रधान उलोफ पाल्मे यांना इथे गोळी घातली गेली. जवळच अडॉल्फ फ्रेडरिक चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. त्यांना कुणी मारलं, हे आजही कायद्याने सिद्ध झालेलं नाही. कट मात्र असंख्य सांगितले जातात आणि त्यांतल्या एकाचा धागा थेट भारतापर्यंत येतो.

त्या संध्याकाळी पाल्मे यांनी अंगरक्षकांना घरी पाठवलं होतं. चित्रपटाला जायचं ऐनवेळी ठरलं. गामला स्तान या जुन्या पेठेतल्या घरातून ते पत्नी लिस्बेत यांच्यासोबत निघाले, भुयारी रेल्वेने आले आणि इतर प्रेक्षकांसारखं तिकीट काढून आत गेले. चित्रपट सुटल्यावर दोघं पायीच घराकडे निघाली. गडचिरोलीत आमदारही बंदोबस्ताशिवाय फिरत नाही, त्यामुळे आपल्या वाचकाला हे पटणं कठीण जाईल. पण इथे ती साधी गोष्ट होती. या देशाने 1766 मध्येच कायदा करून सरकारी कागद नागरिकांना खुले केले. सरकार आपलं आहे, ते आपल्यापासून काही लपवत नाही, हा इथल्या माणसाचा स्वभावच झालेला आहे. म्हणून पाल्मे यांच्या खुनाने स्वीडनचं जे मोडलं, ते नुसत्या शोकाने भरून येणारं नव्हतं.

खरा घात त्या रात्री पोलिसांच्या कामात झाला. घटनास्थळाभोवती लावलेली दोरी इतकी आखूड होती की लोक पुराव्यांवरून चालत होते. नाकेबंदी झाली नाही. झाडलेल्या दोन्ही गोळ्या पुढच्या दोन दिवसांत ये-जा करणाऱ्या सामान्य माणसांना सापडल्या, पोलिसांना नाही. पिस्तूल आजतागायत मिळालेलं नाही. मारेकरी टनेलगातानच्या टोकाच्या पायऱ्या चढून अंधारात गेला, तो गेलाच.

तपासाची सूत्रं स्टॉकहोमचे पोलीसप्रमुख हान्स होल्मेर यांनी स्वतःकडे घेतली. खुनाच्या तपासाचा त्यांना अनुभव नव्हता. कुर्दिस्तान कामगार पक्षाच्या लोकांनीच हे केलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. 1987 च्या जानेवारीत वीसेक कुर्दांना पकडलं गेलं. हाती काही लागलं नाही, सगळ्यांना सोडावं लागलं आणि होल्मेर यांनी पद सोडलं. पुढच्या वर्षी तर उघड झालं की एब्बे कार्लसन नावाचा एक प्रकाशक हाच कुर्दांचा माग खासगीरीत्या काढतो आहे आणि कायदामंत्री अॅना-ग्रेटा लेयॉन यांचं त्याला छुपं पाठबळ आहे. मंत्रीणबाईंना राजीनामा द्यावा लागला. जिथे सगळे कागद खुले असतात, तिथे मंत्रीच पडद्याआड खासगी तपास चालवते, हे कळल्यावर सामान्य माणसाने कशावर विश्वास ठेवायचा?

क्रिस्टर पेटरसन या व्यसनी गुन्हेगाराला लिस्बेत यांनी ओळखलं आणि 1989 मध्ये त्याला जन्मठेप झाली. पण ओळखपरेडीआधीच संशयित दारुडा असल्याचं त्यांना कळलेलं होतं. अपिलात तो त्याच वर्षी सुटला. पुढे शंभराहून अधिक लोकांनी ‘खून मीच केला’ असं सांगितलं. या प्रकरणाने झपाटलेल्या हौशी शोधकांची इथे एक जमातच तयार झाली. कुणी म्हणतं, पोलीस दलातल्या उजव्या गटाने मारलं. कुणी अमेरिकेकडे बोट दाखवतं, कारण व्हिएतनामवरच्या बाँबफेकीचा पाल्मे यांनी कडक शब्दांत निषेध केला होता. दक्षिण आफ्रिकेचा माग यापेक्षा वजनदार: खुनाच्या आठवडाभर आधी पाल्मे यांनी स्टॉकहोममध्येच वर्णभेदाविरुद्ध भाषण केलं होतं, तेही वर्णभेदविरोधी लढ्याचे नेते ऑलिव्हर टॅम्बो यांच्या उपस्थितीत. पुढे तिथल्या एका पोलीस अधिकाऱ्याने आपल्याच माणसांचं नाव घेतलं. पुरावा मात्र उभा राहिला नाही.

आता भारताचा धागा. 155 मिलिमीटर तोफांचे गोळे भद्रावतीच्या चांदा आयुध निर्माणीत भरले जातात, त्यामुळे बोफोर्स हे नाव आपल्या भागात नवं नाही. बोफोर्सची तोफ इथल्या कार्ल्सकूगा गावची. 1986 च्या जानेवारीत पाल्मे दिल्लीला आले, राजीव गांधींना भेटले. फेब्रुवारी संपताना त्यांचा खून झाला. 24 मार्चला 1,437 कोटी रुपयांचा तोफांचा करार झाला. पुढच्या जानेवारीत शस्त्रनिर्यातीवर देखरेख करणारे अधिकारी कार्ल-फ्रेडरिक आल्गेर्नोन स्टॉकहोमच्या मध्यवर्ती भुयारी स्थानकात गाडीखाली येऊन मरण पावले. एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने त्या करारातल्या लाचेची बातमी फोडली. 1991 मध्ये श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधींचीही हत्या झाली. या तारखा एका ओळीत मांडल्या की अंगावर काटा येतो, आणि कट रचला गेला असणारच असं वाटू लागतं. लाच खरी होती. मृत्यूही खरे होते. पण लाचेमुळे पाल्मे यांचा जीव गेला, हे दाखवणारा एकही पुरावा इतक्या वर्षांत कुणी पुढे ठेवलेला नाही. तारखांची साखळी ऐकणाऱ्याच्या मनात जोडली जाते. न्यायालयात ती प्रत्येक कडीला सिद्ध करावी लागते.

10 जून 2020 रोजी सरकारी वकिलांनी जाहीर केलं की संशय स्टीग एंग्स्ट्रॉम याच्यावर आहे. कोपऱ्याजवळच्या विमा कंपनीत काम करणारा हा माणूस आधी स्वतःहूनच साक्षीदार म्हणून पुढे आला होता. तो 2000 मध्येच वारला होता, म्हणून खटला नाही आणि तपास बंद. इथल्या अनेक कायदेतज्ज्ञांना हे रुचलं नाही, मलाही रुचलेलं नाही. बचाव करायला हयात नसलेल्या माणसाच्या माथी खून मारणं हा न्याय नव्हे.

याच देशाची दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. 2003 च्या सप्टेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री अॅना लिंड यांना स्टॉकहोमच्या मोठ्या दुकानात भोसकण्यात आलं. त्याही अंगरक्षकाविना होत्या. पण यावेळी कॅमेऱ्यातली चित्रं आणि चाकूवरचा पुरावा जपला गेला, मारेकरी दोन आठवड्यांत सापडला, खटला चालला, शिक्षा झाली. लिंड यांच्या खुनाभोवती कटांचं जंगल वाढलं नाही. लोक तेच, देश तोच. फरक होता तो पहिल्या काही तासांतल्या पोलीस कामाचा.

आपल्या घरचा दाखला याहून अवघड आहे. महात्मा गांधींचा मारेकरी जागीच पकडला गेला, लाल किल्ल्यात खटला झाला, तरी संशय संपला नाही. त्याला कारण होतं. 20 जानेवारी 1948 ला बिर्ला भवनात स्फोट झाला, मदनलाल पाहवा हाती लागला, मुंबईत प्रा. जगदीशचंद्र जैन यांनी दुसऱ्याच दिवशी सरकारला माहिती दिली. आणि तरीही दहा दिवस मिळूनही गांधीजींना वाचवता आलं नाही. 1966 मध्ये नेमलेल्या कपूर आयोगाने हे सगळं तपशिलाने मांडलं आहे. गांधीजींवर आणखी कुणी ‘चौथी गोळी’ झाडली, हा दावा मात्र वेगळा. ती कहाणी घेऊन आलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने 28 मार्च 2018 ला फेटाळली. सेवाग्राम आपल्या शेजारचं. बापू तिथून 1946 मध्ये निघाले ते परतलेच नाहीत. त्यांच्या मृत्यूविषयी बोलताना आपल्या भागाने तरी सिद्ध झालेली हलगर्जी आणि रचलेली गोष्ट यांची गल्लत करू नये.

केवळ संशयाने काय होतं, हे गडचिरोलीला सांगायला नको. एटापल्ली-भामरागडकडे ‘पोलिसांचा खबरी’ या एका शब्दावर नक्षलवाद्यांनी माणसं मारली. प्रेताशेजारी पत्रक, खटला नाही, साक्ष नाही. स्वीडनच्या कुर्दांचे प्राण गेले नाहीत, पण सगळ्या समाजावर एका खुनाचा डाग वर्षानुवर्षं राहिला. मीही इथे परदेशी आहे. उद्या अशी वेळ आली तर बोट आधी कुणाकडे जाईल, याचा विचार मला करावा लागतो.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. राजीव असोत, गांधीजी असोत की आपल्या तालुक्यातला एखादा सरपंच, खुनामागच्या कटाची गोष्ट कानावर आली की आधी विचारा: पंचनामा कुठे आहे, साक्ष कुणाची, निकाल काय? कपूर आयोगाचा अहवाल छापलेला आहे. तो मिळवा आणि वाचा.