एका ठशामागे अनेक हात

लहान मुलाच्या लैंगिक शोषणाचे छायाचित्र मुंबईतून एखाद्या अमेरिकी कंपनीच्या सेवेवर चढवले गेले, तर त्याची पहिली चाहूल बरेचदा स्थानिक पोलिसांना नव्हे, तर अमेरिकेतील एका बिगरसरकारी संस्थेला लागते. हे विचित्र वाटले तरी त्यामागे तेथील कायदा आहे. असा मजकूर आढळल्यास कंपन्यांना 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रन' या संस्थेला कळवावेच लागते. २०२३ या एका वर्षात तिच्याकडे ३ कोटी ६२ लाखांहून अधिक अहवाल आले.

कोट्यवधी छायाचित्रांतून नेमके आक्षेपार्ह छायाचित्र शोधण्याचे काम गणित करते. मायक्रोसॉफ्ट आणि प्राध्यापक हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये विकसित केलेले 'फोटोडीएनए' तंत्र छायाचित्राचा आकड्यांतील ठसा तयार करते. चित्राचा आकार किंचित बदलला, तरी हा ठसा जुळतो. ब्रिटनच्या 'इंटरनेट वॉच फाउंडेशन'सारख्या संस्था अशा ठशांची यादी कंपन्यांना पुरवतात. एरवी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या कंपन्या ही यादी मात्र मुकाट्याने वापरतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने एप्रिल २०१९ मध्ये या अमेरिकी संस्थेशी करार केला. त्यानुसार भारताशी संबंधित अहवाल या विभागाकडे येतात व पुढे राज्यांच्या पोलिसांकडे जातात. खरी अडचण येथून सुरू होते. अहवालातील आयपी पत्त्यावरून ग्राहक शोधायचा, तर मोबाइल सेवेत एकच पत्ता एकाच वेळी अनेकांकडे असतो. अचूक वेळ व सेवा कंपनीकडील नोंदी हाती नसतील, तर माग तेथेच हरवतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ अमेरिकी संस्थेला कळवून कंपन्यांची सुटका नाही. 'पोक्सो' कायद्यानुसार येथील पोलिसांनाही कळवले पाहिजे.

यादीत नसलेले नवे छायाचित्र मात्र ठशांच्या जाळ्यातून निसटते. तेथे मुलाने किंवा पालकांनीच तोंड उघडावे लागते, आणि बदनामीच्या धास्तीने नेमके तेच टळते. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. केंद्राच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर या प्रकारची तक्रार नाव न देताही करता येते. 'टेक इट डाउन' या २०२३ मध्ये खुल्या झालेल्या सेवेत ठसा मुलाच्याच फोनवर तयार होतो. सहभागी कंपन्यांकडे फक्त तो ठसा जातो, छायाचित्र फोनबाहेर पडत नाही.