अडकलेले हेड व तुटलेले बोल्ट : तेलइंजिन दुरुस्तीतील एक अवघड प्रसंग

विजेचे पंप सर्वत्र झाले असले, तरी रात्रीच्या विजेवर विसंबून न राहणारे, अथवा नदीकाठी जेथे वीज पोहोचत नाही तेथे पाणी उपसणारे शेतकरी आजही डिझेल इंजिन बाळगून आहेत. हे इंजिन पावसाळाभर गोठ्यात अथवा झाडाखाली पडून राहते आणि नेमके उन्हाळी पिकाला पाणी देण्याच्या वेळी ते उघडण्याचा प्रसंग येतो. हेडचे गॅस्केट फुटलेले असते. नट सोडविण्यास पाना लावावा, तो दोन-तीन नट सुटतात आणि चौथा नट स्टडसह मोडून हातात येतो. येथून पुढे जे घडते त्यावर इंजिन चार दिवसांत चालू होणार की भंगारात जाणार, हे ठरते. हातोडा व छिन्नी यांच्या घावांनी हेडला तडा गेलेला अशा वेळी पुष्कळदा पाहावयास मिळतो. वस्तुतः तुटलेला बोल्ट हे कारखान्यातील नित्याचे काम होय; त्याची रीत ठरलेली आहे.

ही रीत ज्यांच्या अंगवळणी पडली ते कारागीर प्रामुख्याने मुंबईच्या परळ, लालबाग भागांतील. परळ येथील रेल्वेचा लोको कारखाना 1879 साली सुरू झाला. बाष्पइंजिनाच्या अग्निपेटीचे आतील व बाहेरील पत्रे शेकडो लहान बोल्टांनी एकमेकांस बांधलेले असत. त्यांना स्टे-बोल्ट म्हणत. उष्णतेने पत्रे सतत प्रसरण-आकुंचन पावत असल्याने हे बोल्ट अधूनमधून तुटतच. म्हणून पुष्कळ ठिकाणी प्रत्येक बोल्टच्या टोकास मध्यभागी एक बारीक भोक पाडून ठेवीत. बोल्ट तुटला की त्या भोकातून वाफ बाहेर येऊन दोषाची वर्दी देई. मग बोल्टच्या बरोबर मध्यावर छिद्र पाडून तो काढावयाचा व भोकाच्या आट्यांस धक्का लागू द्यावयाचा नाही, असे हे काम असे. लालबाग-परळच्या कापड गिरण्यांतही प्रत्येकीचे स्वतःचे मेकॅनिक खाते असे व रंगखात्यातील दमट हवेत गंजलेले फ्लँजचे बोल्ट काढणे तेथील फिटरच्या रोजच्या कामात मोडे. हे कामगार बहुतांशी रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून आलेले. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेकांना गावी परतावे लागले. आज ते सत्तरीच्या आसपास अथवा पुढे असतील. ग्रामसेवकांनी आपल्या गावात असा एखादा जुना फिटर आहे काय, याची चौकशी अवश्य करावी. असे हात फार दिवस मिळणार नाहीत.

आता मूळ कारण पाहू. लोखंड गंजते तेव्हा त्याचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट व स्टड यांच्या आट्यांमध्ये केसाएवढीही जागा नसते. तेथे गंज फुगला की तो पाचरीप्रमाणे बसतो. स्टड हेडच्या छिद्रातून आरपार जात असल्याने तेथेही पाणी शिरून तो छिद्रास चिकटतो. समुद्रकाठच्या गावांत हवेतील क्षारामुळे हे लवकर घडते. भाऊच्या धक्क्यावर लागणाऱ्या मासेमारीच्या नौकांची इंजिने हाताळणारे मिस्त्री याचा अनुभव सांगू शकतील. एक्झॉस्टचे स्टड याहूनही लवकर तुटतात, कारण ते वारंवार तापतात व थंड होतात.

काम आरंभण्यापूर्वी डिझेलची टाकी काढून दूर ठेवावी व हेडमधील पाणी सोडून द्यावे. तारेच्या ब्रशने आटे घासून स्वच्छ करावेत. नंतर गंज सोडविणारे तेल नटांच्या बुडाशी थेंबथेंब सोडावे. ते नसल्यास रॉकेल व पातळ इंजिन ऑइल यांचे मिश्रण चालते. रॉकेल हल्ली सर्वत्र मिळत नाही, तेव्हा त्याऐवजी डिझेल घ्यावे. हे सकाळ-संध्याकाळ असे निदान दोन दिवस करावे व प्रत्येक वेळी नटाच्या माथ्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. ठोक्याने गंजास बारीक भेगा पडतात व तेल आत शिरते. शेतकऱ्यास हे दोन दिवस फार लांब वाटतात, हे खरे. पण मोडलेला स्टड काढण्यास त्याहून अधिक वेळ लागतो.

नट फिरविताना रिंग पाना वापरावा. पान्यास नळी लावून जोर वाढविणे येथे घातक आहे. नट सुटत असताना करकर आवाज आला, तर ते चांगले लक्षण समजावे. उलट, आवाज न होता पाना मऊ लागू लागला व जोर सोडताच मागे आला, तर नट हलत नसून स्टड पिळला जात आहे, असे जाणावे आणि तेथेच थांबावे. नट किंचित हलल्यावर पाव फेरा पुढे, तितकाच मागे, पुन्हा तेल, या क्रमाने तो सोडवावा.

इतके करूनही न सुटल्यास उष्णता हा उपाय आहे. बारा मिलिमीटर जाडीचा स्टड तीनशे अंश सेल्सिअस तापविला, तर त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पंचविसाव्या भागाने वाढते. ही वाढ दिसत नाही, पण गंजाची पकड मोडण्यास ती पुरेशी असते. तापलेला नट थोडा निवला की आट्यांच्या तोंडाशी मेणबत्तीचे मेण लावावे. वितळलेले मेण आपोआप आत ओढले जाते. बिडाच्या भागावर पाणी मात्र कदापि ओतू नये, तडा जाईल. फार वेळ ज्योत धरल्यास लायनरच्या बुडाचे रबरी रिंग जळतात. गॅसच्या सिलिंडरजवळ, विशेषतः ऑक्सिजनच्या नळजोडास, तेलकट हात लावू नये. त्याने आग लागते.

नट निघाले तरी हेड हलत नाही, अशी तक्रार येते. स्क्रू-ड्रायव्हर अथवा छिन्नी फटीत ठोकून ते उचकटू नये, कारण हेडचा सपाट पृष्ठभाग एकदा दुखावला की गॅस्केट पुन्हा नीट बसत नाही. स्टडभोवती तेल सोडावे व लाकडी मोगरीने चहूबाजूंनी ठोके द्यावेत. शाबूत स्टडांवरचे नट दोन-तीन फेरे सैल करून तसेच ठेवावेत व डिझेल पूर्ण बंद करून हँडल फिरवावे. आतील दाबाने हेड जागचे सुटते. नट पूर्ण काढून, अथवा डिझेल चालू ठेवून असे करणे म्हणजे अपघातास निमंत्रण होय.

हेड निघाल्यावर तुटलेल्या स्टडचा तुकडा किती वर उरला आहे, ते पाहावे. बोटभर उरला असल्यास तेल व उष्णता देऊन पाइप पान्याने तो निघतो. थोडाच वर असल्यास त्यावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग करावे. येथे दुहेरी लाभ होतो. नट पकडीस मिळतो आणि वेल्डिंगच्या धगीने आतील गंज सुटतो. तांबूसपणा गेल्यावर, पण पूर्ण थंड होण्यापूर्वी, तो हलक्या हाताने फिरवावा. नट तुटून आला तर दुसरा लावावा. दोन-तीनदा असे करावे लागणे यात काही विशेष नाही.

तुकडा पृष्ठभागाच्या खाली मोडला असल्यास छिद्र पाडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि येथेच बहुतेकांचे काम बिघडते. ड्रिल तुटलेल्या उंचसखल तोंडावरून घसरते व बिडात शिरते. यास्तव लेथवरून एक लहान बुश करून घ्यावा. त्याची बाहेरील जाडी हेडच्या छिद्रात नेमकी बसेल इतकी व मध्ये ड्रिलपुरते भोक. हेड जागेवर ठेवून त्या छिद्रात बुश घातला की ड्रिलला मध्य सोडता येत नाही. प्रथम तीन मिलिमीटरचे, नंतर स्टडच्या निम्म्या जाडीचे भोक, सावकाश व तेल देत पाडावे. सिलिंडरच्या तोंडास व पाण्याच्या छिद्रांस ग्रीस लावलेले फडके कोंबावे, म्हणजे कीस आत पडणार नाही. मग उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बसवून हाताने फिरवावा. हे हत्यार कठीण पण ठिसूळ असते. ते आत मोडले, तर साधे ड्रिल त्यास कापू शकत नाही. म्हणून अडले की थांबून पुन्हा उष्णता द्यावी. ड्रिल, टॅप, एक्स्ट्रॅक्टर ही हत्यारे मुंबईस नागदेवी भागातील दुकानांत मिळतात. गावोगावी एकेक संच घेण्यापेक्षा चार गावांच्या शेतकरी गटाने एक संच ठेवावा, असे माझे मत आहे.

तुकडा निघाल्यावर टॅपने आटे साफ करावेत. आटे अगदीच गेले असल्यास भोक मोठे करून त्यात तारेच्या आट्यांची गुंडाळी बसविता येते. ब्लॉक टाकून देण्याचे कारण नाही. नवा स्टड मजबुतीचा, 8.8 असा आकडा असलेला घ्यावा. बाजारातील साधी आट्यांची सळई कापून लावू नये. स्टड बसविण्यापूर्वी भोकाच्या तळाशी साचलेले तेल पुसून काढावे, कारण बंद भोकातील तेल दाबले जात नाही व स्टड आवळताच ब्लॉकच फुटतो. नटांच्या आट्यांना ग्रॅफाइटचे ग्रीस लावावे, पण पुस्तिकेत दिलेला आवळणीचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर ग्रीस लावलेला नट थोडा कमी आवळावा. नट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळावेत. इंजिन तासभर चालवून थंड झाल्यावर ते पुन्हा तपासून पाहावेत, आणि पावसाळ्यापूर्वी उघड्या आट्यांना ग्रीस फासून इंजिन ताडपत्रीखाली, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवावे.