लिनक्स : बसवण्यापूर्वी वापरून पाहा

कळफलकावरील कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटते, माउस हलवला की बाण हलतो, आज्ञा दिली की मुद्रक कागद छापतो. संगणकाच्या या निरनिराळ्या भागांकडून काम करून घेणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणजेच संचालन प्रणाली असे म्हणतात. आपल्याकडील बहुतेक संगणकांवर विंडोज ही प्रणाली विक्रीपूर्वीच बसवलेली असते. त्यामुळे संगणक म्हणजे विंडोज, अशी अनेकांची समजूत झाली आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘युनिक्स’ या प्रणालीची उभारणी सुरू केली. तिच्याच धर्तीवर १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने एका प्रणालीचा गाभा लिहिला. तोच लिनक्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातील साधने या गाभ्याला जोडली गेली आणि वापरण्याजोगी पूर्ण प्रणाली तयार झाली. ती कोणीही विनामूल्य घेऊ शकतो, तिच्या प्रती वाटू शकतो, तिच्यात बदलही करू शकतो. म्हणूनच तिची डेबियन, उबुंटू, मिंट अशी अनेक रूपे निघाली. त्यांना ‘वितरणे’ म्हणतात. भारतात सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाचे वितरण तयार केले आहे. तुमच्याजवळ अँड्रॉइड भ्रमणध्वनी असेल, तर लिनक्सचा गाभा तुम्ही नकळत रोज वापरतच आहात.

आज या प्रणालीकडे वळण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीच्या नियमित सुरक्षा-सुधारणा बंद झाल्या. पुढील आवृत्तीच्या अटी अनेक जुने संगणक पूर्ण करू शकत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पण प्रणाली असुरक्षित आहे, अशी ही अवस्था. ज्या घरात मुलांचा अभ्यास आणि दुकानाचा हिशेब एकाच जुन्या संगणकावर चालतो, तेथे नवा संगणक घेणे ही साधी गोष्ट नव्हे. तरीही लोक लिनक्सला बिचकतात, कारण साठवलेले सर्व पुसले जाईल अशी भीती त्यांना वाटते. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु ती प्रणाली बसवण्याविषयीची आहे, वापरून पाहण्याविषयीची नव्हे.

बसवण्याआधी वापरून पाहण्याचा मार्ग म्हणजे ‘लाइव्ह’ पद्धत. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली ‘क्नॉपिक्स’ हे वितरण काढले आणि सीडीवरून थेट चालणारी प्रणाली लोकप्रिय केली. आता सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून एक आयएसओ फाइल उतरवून घ्यावी आणि रूफस किंवा एचर यांसारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहावी. ८ जीबीचा पेनड्राइव्ह सहसा पुरतो. मात्र त्यावर आधी असलेले सारे पुसले जाते, म्हणून तो रिकामा असावा. फाइलची नुसती प्रत पेनड्राइव्हवर टाकून संगणक सुरू होत नाही. नवशिक्यांचे पुष्कळ प्रयत्न येथेच फसतात.

यानंतर पेनड्राइव्ह जोडून संगणक पुन्हा सुरू करावा आणि लगेच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी आपल्या यंत्राला लागू असलेली कळ दाबावी. प्रणाली कोठून सुरू करायची याची यादी दिसेल. तीत पेनड्राइव्ह निवडावा. डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल, तर त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवावी. काही वितरणांत ‘वापरून पाहा’ आणि ‘बसवा’ असे दोन पर्याय समोर येतात. आपण पहिलाच घ्यायचा.

भाड्याचे घर घेण्यापूर्वी चार दिवस तेथे राहून पाहावे, तसा हा प्रकार आहे. प्रणाली संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत चालते आणि संगणक बंद केला की तिच्यात केलेले बदल सहसा नाहीसे होतात. वेग मात्र थोडा कमी असतो; तेवढ्यावरून मत बनवू नये. आणखी एक सावधगिरी : डिस्कवरील तुमच्या फाइली येथूनही उघडता येतात, त्यामुळे तेथे काही पुसले तर ते खरोखरच पुसले जाईल.

या काळात वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, मुद्रक ओळखला जातो का, हे तपासावे. इनस्क्रिप्ट कळफलक निवडून मराठीत एक पत्र लिहून पाहावे. तो जवळजवळ सर्व वितरणांत उपलब्ध असतो. ज्या हिशेबाच्या आज्ञावलीवाचून तुमचे चालत नाही, ती लिनक्सवर मिळते का, याची चौकशीही आताच करावी. पुष्कळदा निर्णय तेथेच अडतो. संगणकाची स्मृती ४ जीबी किंवा त्याहून कमी असेल, तर लुबुंटूसारखे हलके वितरण घ्यावे.

संगणक सक्षम असेल, तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आज्ञावलीने विंडोजच्या आतच एका चौकटीत लिनक्स चालवता येते. जुन्या यंत्रावर ते फार संथ चालते.

आठवडाभर वापरून समाधान झाले, तर फाइलींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते याची खात्री करून मगच ‘बसवा’ हा पर्याय निवडावा. तेव्हा संपूर्ण डिस्क पुसून बसवायचे की विंडोजशेजारी जागा करून, असा प्रश्न विचारला जाईल. तो न वाचता पुढे जाऊ नये.